टेलिफोनची स्मृती, कार्यालयाची नोंद

बीदर शहरातून औरादच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर जनवाडा हे गाव आहे. कर्नाटकातील बीदर तालुक्यातले ते होबळीचे ठिकाण असून गावात पोलीस ठाणेही आहे. या परिसरात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा रोज कानी पडतात. कार्यालयीन कागद कन्नडमध्ये निघतो, पण तो घेऊन जाणारा शेतकरी घरी मराठी बोलत असण्याचा संभव मोठा. अशा गावातील पंचायत, सहकारी संघ, शाळा किंवा दवाखाना यांच्या टेबलावर अजून एखादा लँडलाइन टेलिफोन दिसतो. त्यावर ‘स्टोअर’, ‘मेमरी’, ‘रिडायल’ अशी बटणे असतात आणि बहुतेक ठिकाणी ती वर्षानुवर्षे कोणी वापरलेली नसतात.

ही बटणे नीट वापरली तर काय साधते, आणि निष्काळजीपणे वापरली तर काय बिघडते, हे समजून घेण्यासाठी सीमाभागातील कार्यालयाइतके चांगले उदाहरण नाही. इथे शेजारचे गाव हाकेच्या अंतरावर असले, तरी टेलिफोनच्या हिशेबात ते परराज्यात असते.

सीमारेषा आणि एसटीडी कोड

१९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात एकत्र होता. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औरादचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्यात आले, तर जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. नकाशावरची ही विभागणी पुढे एसटीडी कोडमध्येही उमटली. बीदरचा कोड ०८४८२, औरादचा ०८४८५, कलबुर्गीचा ०८४७२. पलीकडे उदगीरचा ०२३८५ आणि जहिराबादचा ०८४५१. सोयरीक, बाजार आणि दवाखाना यांचे धागे मात्र जुन्या जिल्ह्याप्रमाणेच राहिले. त्यामुळे जनवाड्यासारख्या गावातील कार्यालयाला तीन राज्यांतील क्रमांक लागतात.

गोव्यातील वाचकाला हा अनुभव परका नाही. गोव्याचा कोड ०८३२ आणि बेळगावचा ०८३१. दोघांत फरक एका अंकाचा. बीदर आणि कलबुर्गी यांच्या कोडमध्येही तसाच एका अंकाचा फरक आहे. घाईत असलेल्या माणसाचे बोट नेमके अशा जागी चुकते. एकदा नीट तपासून साठवलेला क्रमांक या चुकीपासून वाचवतो. पण साठवतानाच चूक झाली असेल, तर टेलिफोन ती चूक पुढची कित्येक वर्षे इमानाने करीत राहतो. म्हणून यंत्र नेमके काय लक्षात ठेवते, हे आधी पाहिले पाहिजे.

टेलिफोनला माणूस आठवत नाही

मोबाइलमध्ये नाव, क्रमांक, कधी कधी छायाचित्रही असते. साध्या लँडलाइन संचाच्या स्मृतीत यातले काहीच नसते. तिथे साठते ती फक्त बटणे दाबल्याची क्रमवारी. तो क्रमांक कोणाचा, तो अजून चालू आहे की बंद, हे संचाला ठाऊक नसते. आपण बटण दाबले की तो तीच क्रमवारी टेलिफोन केंद्राला जलद ऐकवतो.

ही क्रमवारी ऐकवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या ‘पल्स’ पद्धतीत लाइनमधील वीजप्रवाह क्षणभर तोडून जोडला जातो. १ साठी एकदा, ९ साठी नऊ वेळा आणि ० साठी दहा वेळा. सर्वसाधारण वेग सेकंदाला दहा तुटींचा असल्याने मोठा एसटीडी क्रमांक फिरायला दहा-पंधरा सेकंद सहज लागतात. ‘टोन’ पद्धतीत प्रत्येक बटणाला दोन ध्वनी एकाच वेळी वाजतात. उदाहरणार्थ, ५ चे बटण दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र निघतात आणि केंद्रातील यंत्रणा त्या जोडीवरून अंक ओळखते. अमेरिकेतील बेल कंपनीने ही पद्धत नोव्हेंबर १९६३ मध्ये ग्राहकांसाठी आणली. टोन पद्धतीत साठवलेला अकरा अंकी क्रमांक दोन-तीन सेकंदांत निघून जातो.

अनेक संचांच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला ‘टी’ आणि ‘पी’ अशी अक्षरे असलेली एक छोटी सरकपट्टी असते. ती ‘टी’वर, म्हणजे टोनवर असावी. फायबर जोडणीवरील अनेक उपकरणांना पल्स समजतच नाहीत. साठवलेला क्रमांक लागत नाही अशी तक्रार असेल, तर पहिली नजर या पट्टीकडे टाकावी.

क्रमांक साठवण्याची रीत

प्रत्येक कंपनीच्या संचाची रीत थोडी निराळी असते, त्यामुळे सोबतची पुस्तिका जपून ठेवणे केव्हाही उत्तम. तरी बहुतेक संचांत तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार रिडायलचा. शेवटी फिरवलेला क्रमांक एका बटणावर पुन्हा लागतो. समोरची लाइन एंगेज असेल तेव्हा तो उपयोगी आहे. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी फोन केला, तर आधीचा क्रमांक मात्र पुसला जातो. सार्वजनिक वावर असलेल्या कार्यालयात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिडायल दाबणाऱ्या कोणालाही आधीचा फोन कुठे लागला होता, हे कळू शकते.

दुसरा प्रकार एकाच बटणाचा. संचावर अंकांखेरीज काही स्वतंत्र बटणे असतात आणि प्रत्येकाशेजारी नाव लिहायला कागदाची पट्टी असते. रिसीव्हर उचलून ते बटण दाबले की क्रमांक लागतो. घाबरलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या माणसालाही हा प्रकार जमतो. म्हणून अत्यंत निकडीचे क्रमांक इथे असावेत.

तिसरा प्रकार दोन बटणांचा. आधी ‘मेमरी’ किंवा ‘ऑटो’ आणि मग ० ते ९ पैकी एक अंक. याने साधारणतः दहा जागा मिळतात. या जागांवर नाव नसते, त्यामुळे कोणत्या अंकावर कोणाचा क्रमांक आहे, हे कुठेतरी लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

साठवण्याचा क्रम बहुधा असा असतो: रिसीव्हर उचलावा, ‘स्टोअर’ दाबावे, पूर्ण क्रमांक दाबावा, पुन्हा ‘स्टोअर’ दाबून हवी ती जागा निवडावी आणि रिसीव्हर ठेवावा. काही संचांत रिसीव्हर न उचलताच पडद्यावर क्रमांक पाहत हे काम करता येते. अंक दिसत असल्याने तसे करणे अधिक सुरक्षित. जुन्या जागेवर नवा क्रमांक साठवला की आधीचा आपोआप जातो आणि संच त्याबद्दल काही विचारीत नाही.

साठवण झाल्यावर लगेच त्या बटणावरून प्रत्यक्ष फोन लावून पाहावा. पलीकडच्या व्यक्तीला ‘क्रमांक तपासतो आहोत’ असे सांगून फोन ठेवावा. निकडीच्या सेवेचा क्रमांक चुकून लागला, तर काही न बोलता रिसीव्हर आपटू नये. खरोखर संकट नाही हे तिथल्या कर्मचाऱ्याला स्पष्ट सांगावे, म्हणजे त्यांचा वेळ शोधाशोधीत जात नाही.

शून्याने केलेला घोटाळा

टेलिफोनच्या स्मृतीची खरी परीक्षा १५ जानेवारी २०२१ रोजी झाली. त्या दिवसापासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावणे देशभर अनिवार्य झाले. मोबाइल क्रमांकांची वाढती गरज भागवण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० च्या मे महिन्यात ही शिफारस केली होती आणि दूरसंचार विभागाने नोव्हेंबरात तसा आदेश काढला. या एका बदलाने सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक उपलब्ध होतील, असा हिशेब त्या वेळी मांडण्यात आला. लँडलाइनवरून लँडलाइनला, मोबाइलवरून लँडलाइनला आणि मोबाइलवरून मोबाइलला फोन करण्याच्या पद्धतीत काहीही बदल झाला नाही.

माणसाने ही सूचना ऐकली आणि तो ० लावू लागला. टेलिफोन संचाला ती ऐकता येत नाही. त्याच्या स्मृतीत दहा अंक होते आणि तो दहाच अंक फिरवत राहिला.

सीमाभागात हा घोटाळा आणखी चमत्कारिक ठरतो. पूर्वी लँडलाइनवरून स्वतःच्या राज्यातील मोबाइलला ० लागत नसे, परराज्यातील मोबाइलला मात्र लागत असे. म्हणजे जनवाड्यासारख्या ठिकाणी साठवलेला महाराष्ट्रातील मोबाइल क्रमांक आधीपासूनच ०सह असणार आणि बीदरमधला ०शिवाय. बदलानंतर दूरचा फोन लागत राहतो आणि जवळचा लागेनासा होतो. ज्याने ती जागा भरली तो कर्मचारी बदलून गेलेला असेल, तर कारण शोधायला कोणी उरत नाही. ‘ते बटण बिघडले आहे’ असा समज रूढ होतो आणि संचाची स्मृती कायमची वापरातून जाते.

याआधीही असा एक बदल होऊन गेला आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारत संचार निगमच्या लँडलाइन क्रमांकांपुढे २ हा अंक जोडला गेला. त्या वेळीही जुने कागद, पाट्या आणि संचांतील साठवणी मागे पडल्या. अशा बदलांची सूचना प्रत्येक संचापर्यंत पोहोचवण्याचे काम कोणतेही केंद्र करीत नाही. ते कार्यालयालाच करावे लागते.

आज साठवताना पाळायचा नियम सोपा आहे. मोबाइल असेल तर ० आणि दहा अंक. दुसऱ्या कोडच्या क्षेत्रातील लँडलाइन असेल तर ०सह पूर्ण एसटीडी कोड आणि पुढे तो क्रमांक. आपल्याच कोडमधील लँडलाइन असेल तर कोडशिवाय.

बाहेरच्या लाइनसाठी थांबा

मोठ्या कार्यालयांत ईपीएबीएक्स असतो. तिथे आधी ० किंवा ९ दाबून बाहेरची लाइन घ्यावी लागते आणि तिचा डायल टोन आल्यावर पुढचे अंक दाबावे लागतात. माणूस टोन ऐकून थांबतो, स्मृती मात्र थांबत नाही. ती सारे अंक एका दमात सोडते आणि लाइन मिळण्यापूर्वीच सुरुवातीचे अंक वाया जातात.

यासाठी ‘पॉझ’ची सोय आहे. अनेक संचांत रिडायलचेच बटण क्रमांक साठवताना पॉझचे काम करते. बाहेरच्या लाइनचा अंक, मग पॉझ, मग पुढचा क्रमांक असे साठवले की संच काही सेकंद थांबून पुढे जातो. बाहेरची लाइन ० वर मिळत असेल, तर मोबाइलसाठी दोन शून्ये लागतात. पहिले लाइनचे, नंतर पॉझ आणि दुसरे मोबाइलचे. एक शून्य ‘जास्तीचे’ समजून काढून टाकणे ही अशा कार्यालयातील नेहमीची चूक.

११२ आणि सीमेपलीकडचे संकट

स्मृतीतील जागा मोजक्या असतात. त्या कोणाला द्याव्यात, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ११२, १०८ किंवा विजेच्या तक्रारीसाठीचा १९१२ हे क्रमांक तीन-चार अंकांचे आहेत. ते भिंतीवर ठळक लिहिलेले पुरतात. त्यांच्यासाठी जागा खर्च करण्याचे सहसा कारण नाही.

खरी गरज वेगळ्याच वेळी पडते. लँडलाइनवरून ११२ फिरवले की तो फोन सर्वसाधारणपणे ज्या राज्यात ती लाइन आहे त्याच राज्याच्या केंद्रात जातो. समजा, जनवाड्यातील एका कुटुंबाचा माणूस उदगीरच्या बाजूला अपघातात सापडला आणि नातेवाईक धावत गावातील कार्यालयात आले. तिथून ११२ लावले, तर उत्तर कर्नाटकातून मिळेल. तिथला कर्मचारी पलीकडे निरोप पोहोचवू शकेल, पण अशा वेळी मिनिटे मोलाची असतात. उदगीरच्या पोलीस ठाण्याचा किंवा रुग्णालयाचा पूर्ण क्रमांक ०२३८५ या कोडसह एका बटणावर असेल, तर नातेवाइकांना थेट घटनास्थळाजवळच्या माणसाशी बोलता येते.

हेच गोव्याच्या सीमेवरील पंचायतींनाही लागू आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी किंवा काणकोण तालुक्यांतील कार्यालयांनी सावंतवाडी, बेळगाव किंवा कारवारकडील रुग्णालय, पोलीस ठाणे आणि अग्निशमन दल यांचे पूर्ण क्रमांक साठवून ठेवले, तर टेबलावरच्या संचाचा पुरेपूर उपयोग होईल. जो क्रमांक वर्षातून एकदाच लागतो, पण लागतो तेव्हा शोधायला वेळ नसतो, त्यालाच स्मृतीतली जागा द्यावी. रोज लागणारे क्रमांक बोटांच्या सवयीत आपोआप बसतात.

स्मृती केव्हा पुसली जाते

जुन्या तांब्याच्या तारेवरील टेलिफोनला केंद्राकडून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा होतो. म्हणून गावातील वीज गेली तरी तो चालतो. अनेक साध्या संचांची स्मृतीही याच पुरवठ्यावर किंवा आत बसवलेल्या छोट्या सेलवर टिकते. संच बराच काळ लाइनपासून सुटा ठेवला किंवा सेल संपला, तर साठवलेले सारे पुसले जाऊ शकते. पावसाळ्यात विजांच्या भीतीने तार काढून ठेवण्याची पद्धत योग्यच आहे. मात्र तार पुन्हा जोडल्यावर एखादे बटण दाबून स्मृती शाबूत आहे की नाही, हे पाहावे. पडद्याच्या संचातील सेल वर्षातून एकदा बदलावेत आणि बदलताना लाइन जोडलेली असावी.

ग्रामीण टेलिफोनचा विचार करताना वीज आणि हवामान यांचा विचार आपल्याकडे आरंभापासून झाला आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन केंद्राने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे स्वयंचलित केंद्र तयार केले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात ते चालावे अशी त्याची रचना होती. असे पहिले केंद्र १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे सुरू झाले. सीमाभागातील अनेक गावांत हात फिरवून ‘ट्रंक कॉल’ची वाट पाहण्याचा काळ अशा केंद्रांनी संपवला.

आता तांब्याच्या जागी फायबर येत आहे. फायबरमधून वीज येत नाही. भिंतीवरचे छोटे उपकरण स्थानिक विजेवर चालते आणि वीज गेली की टेलिफोनही गप्प होतो. संचातील स्मृती शाबूत असूनही फोन लागत नाही. ज्या कार्यालयाने फायबर घेतले आहे त्याने त्या उपकरणाला बॅटरीचा आधार द्यावा. एरवी ऐन वादळात, जेव्हा फोनची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच तो बंद असेल.

संच राहतो, माणसे बदलतात

हाताशी मोबाइल असताना हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर कार्यालयाच्या स्वभावात आहे. कर्नाटकातील पंचायत विकास अधिकारी, महाराष्ट्रातील ग्रामपंचायत अधिकारी किंवा गोव्यातील पंचायत सचिव यांची बदली झाली की त्यांचा मोबाइल त्यांच्यासोबत जातो. दहा वर्षांत जमवलेले क्रमांकही जातात. कार्यालयात राहतो तो पाटीवर छापलेला लँडलाइन क्रमांक आणि टेबलावरचा संच. म्हणून त्या संचाची स्मृती ही कोणा एकाची सोय मानू नये. ती कार्यालयाच्या दप्तराचा भाग आहे.

दप्तराला जे नियम, तेच तिला. साठवलेल्या प्रत्येक जागेची नोंद एका वहीत असावी: जागेचा अंक, नाव, पूर्ण क्रमांक, साठवल्याची तारीख आणि तपासल्याची तारीख. वर्षातून दोनदा, निदान पावसाळ्यापूर्वी एकदा, प्रत्येक बटण दाबून पाहावे. बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्के सोपवताना ही यादीही नव्या अधिकाऱ्याकडे द्यावी. खासगी व्यक्तींचे क्रमांक त्यांच्या संमतीशिवाय साठवू नयेत. बँकेचे गुप्त अंक तर कधीच साठवू नयेत, कारण संचाला कुलूप नसते.

संचावरच्या नावाच्या पट्टीबाबत सीमाभागातील कार्यालयाने आणखी एक काळजी घ्यावी. पट्टीवरचे नाव एकाच लिपीत लिहिले, तर रात्रपाळीच्या शिपायाला किंवा धावत आलेल्या गावकऱ्याला ते वाचता येईलच असे नाही. कन्नड आणि मराठी, शक्य तर उर्दूतही, दोन शब्द लिहावेत. जागा अपुरी असेल तर रंगीत ठिपका किंवा साधे चित्र चालेल: दवाखान्याला अधिक चिन्ह, अग्निशमनाला ज्योत. अंक मात्र संचाच्या बटणांवर ज्या वळणाचे आहेत त्याच वळणाचे लिहावेत, म्हणजे पट्टीवरचा अंक आणि बटणावरचा अंक जुळवताना कोणी अडखळणार नाही.

या साऱ्याला खर्च नाही. एक वही, एक पेन आणि एका दुपारचा वेळ पुरतो. ज्यांच्या टेबलावर असा संच आहे, त्यांनी आज कार्यालय बंद करण्यापूर्वी त्यातील पहिले बटण दाबून पाहावे. पलीकडे कोण बोलते, की कोणीच बोलत नाही, यावरून आपल्या कार्यालयाची स्मृती किती ताजी आहे ते कळेल.